रेड्याचे तीन ठोके

काकांचा फोन सकाळी आला तेव्हा मी परभणीला हॉस्टेलच्या जिन्यात उभी होते. मी तो वाजू दिला. दोन महिने मी हेच करत होते. दुपारी त्याच नंबरवरून लागोपाठ चार फोन आले, म्हणून शेवटी रागानेच उचलला. पलीकडे अनोळखी आवाज होता. “ताई, तुमी यांच्या कोन? ताडकळसच्या अलीकडं या लौकर. उसाच्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली यांच्या गाडीवर आलीया.” मग तो माणूस खालच्या आवाजात म्हणाला, “हितं रस्त्यावर लाकडाच्या लय चिपाट्या पडल्यात. रेल्वेच्या डब्यावानी दिसायल्यात. गोळा करून ठिवू का?” जिवंत माणूस रस्त्यावर पडलेला असताना कुणी लाकडाचं विचारत नाही... तेवढ्यावरून मला कळलं.

मैत्रिणीच्या स्कूटीवरून मी पोचले तेव्हा ट्रॉली कलंडलेली होती. ऊस रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरला होता. चिरडलेल्या कांड्यांचा रस आणि रक्त एकत्र होऊन डांबरावरून वाहिलं होतं आणि त्यावर माश्या बसल्या होत्या. काकांवर कुणीतरी धोतर टाकलं होतं. ते उचलून बघायची माझी हिंमत झाली नाही. मी खाली बसले आणि लाकूड वेचत राहिले. पातळ प्लायवूडचे तुकडे, काही बोटभर, काही नखाएवढे, काहींचा टायरखाली येऊन भुगा झालेला. एका तुकड्यावर अर्धं दार होतं आणि त्यावर तिरकी पट्टी. ती पट्टी मी कॉम्प्युटरवर काढली होती. मालगाडीचा तो छोटा डबा माझा होता, मी आखलेला. दिवाळीत त्याचं चित्र काकांनी माझ्यासमोर फाडलं होतं आणि त्याचा नमुना हातोड्यानं फोडला होता. तोच डबा कापून घेऊन ते घरी का येत होते, ते मला तेव्हा समजेना.

मला असं लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि तिथेही मी चित्रं काढायला शिकते, लिहायला नाही. काकांचा हात उठायचा, हे गेलेल्या माणसाबद्दल लिहावं की नाही, मला ठरवता येत नव्हतं. काकूला विचारलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, “लिही की. मेले म्हनून का देव झाले व्हय? माझ्या दाताचं बी लिही.” म्हणून लिहिते आहे.

काकांचं नाव नामदेव. पूर्णेच्या यार्डात ते मालगाडीच्या डब्यांच्या दुरुस्तीवर फिटर होते. छोटी लाइन, म्हणजे मीटरगेज, काढून मोठी टाकली तेव्हा जुने डबे भंगारात निघाले. यार्डाच्या टोकाला ते ओळीनं उभे करून गॅसकटरनं कापत. काका मला सायकलवर बसवून तिकडे घेऊन जायचे. निळी ज्योत पत्रा फाडत जायची, कुत्रं दाढेखाली हाड फोडतं तसा आवाज यायचा, आणि डब्याची अख्खी भिंत आदळली की माझ्या पायाखालची माती हलायची. काका कापणाऱ्याला शिव्या देत देत पुढच्या डब्याची मापं सुतळीनं घ्यायचे आणि सुतळीला गाठी मारायचे. घरी आल्यावर गाठी मोजून आकडे वहीत उतरवायचे. सगळ्या जातींच्या डब्यांची मापं त्या वहीत आहेत. एकाची नाहीत. धान्याची, खताची पोती भरायचा तो मालाचा बंद डबा. त्याची ओळ आली की काका सायकल फिरवायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी या डब्यांची छोटी रूपं करायला घेतली, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची. आपल्या देशात छोट्या आगगाड्या जमवणारे शौकीन आहेत, हे मलाही आधी माहीत नव्हतं. त्यांना तयार डबा नको असतो, सुटे भाग पेटीत हवे असतात, स्वतः जोडायला. मी चित्रं काढायची, परभणीचे मुजीबभाई त्यांच्या लेझर मशीनवर प्लायवूड कापून द्यायचे, चाकं बाहेरून ओतून यायची. चाकांची खेप वर्षातून एकदाच मिळायची, म्हणून वर्षाला एकच नवा डबा काढता यायचा. कोणता काढायचा, यावर आमच्याकडे दरवर्षी भांडण पेटायचं.

शौकिनांनी फोनवर काय काय मागितलंय ते मी वाचून दाखवायचे. “टाकीचा डबा मागायलेत सगळे.”

“मागू दे. टाकी गोल. लाकूड वाकवता वाकवता गिऱ्हाईक माझ्या मायला शिव्या घालील.”

“मग कोळशाचा उघडा डबा?”

“चार फळ्या चिकटवल्या की झाला. ज्येला त्येला घरी जमतंय, पेटी कशाला घेईल?”

“गुरांचा?”

“त्येच्या गजाच्या काड्या बघ. टपालात मोडून जातील.”

काकू उंबऱ्याबाहेरून म्हणायची, “ह्यांना सगळ्याच पोरींत खोड दिसायलीय. वॅगनीचं लगीन लागायचं कवा?” काका त्यावर हसायचे. पण एक गोष्ट ते हसत बोलायचे नाहीत. “ज्या डब्याखाली मी झोपलो न्हाई, त्यो डबा माझ्या पेटीत जायचा न्हाई.” खऱ्या डब्याखाली उताणं पडून, तोंडावर गंज झेलत, ज्याचा एकेक बोल्ट हातानं पिळलाय, तोच डबा ते विकणार होते. मला हे फार मोठं वाटायचं. आमच्या कॉलेजात कुणी एवढ्या हक्कानं काही सांगितलेलं मी ऐकलं नाही.

आणि शेवटचा निकाल रेड्याचा असायचा. रेडा म्हणजे खऱ्या ब्रेकचा तुटका लोखंडी ठोकळा, काकांनी त्याला चाकं लावली होती. त्यांच्या खोलीत खिडकीच्या चौकटीपासून जमिनीपर्यंत एक तिरकी फळी होती, तिच्यावर रूळ. नव्या डब्याचा पहिला नमुना जोडून तळाशी ठेवायचा. मी रेडा वर धरून उभी राहायची. काका कमरेवर हात ठेवून ओरडायचे, “हान!” आणि मी रेडा सोडायची. लोखंड खाली धडधडत जायचं आणि डब्यावर आदळायचं. असे तीन ठोके. तिन्ही खाऊन डबा शाबूत राहिला तर तो काढायच्या लायकीचा. गार्डच्या डब्याचा कठडा तिसऱ्या ठोक्याला उडाला, तेव्हा काकांनी तो डबा भिंतीवर फेकला, मागून डिंकाचा डबाही फेकला, आणि खाली पडलेल्या तुकड्यांवर चपलेनं नाचले. मी एकदा विचारलं, “गिऱ्हाईक काय त्याच्यावर रेडा सोडणार आहे का, काका?” ते म्हणाले, “यार्डात डब्याला कोन हळू हात लावतंय?” पेटीसाठी पातळ पुठ्ठा दिला म्हणून त्यांनी परभणीच्या भर बाजारात एका दुकानदाराची गचांडी धरली होती. मुजीबभाईंनी सोडवलं नसतं तर काय झालं असतं कोण जाणे.

त्या घरात एक शब्द मात्र कुणी बोलत नव्हतं. आमच्याकडे ‘ण’चा ‘न’ होतो. हाण म्हणजे हान, आण म्हणजे आन. ‘हान’ दिवसातून वीस वेळा ऐकू यायचं. ‘आन’ कधीच नाही. काका ‘घेऊन ये’ म्हणायचे, ‘दे’ म्हणायचे, नाहीतर स्वतः उठायचे. मी चौथीत असताना काकू एकदा चुकून म्हणाली, “शितल, पानी आन गं.” काकांच्या हातातला पितळी तांब्या सुटला आणि तिच्या तोंडावर बसला. समोरचा अर्धा दात तुटून परातीतल्या पिठात पडला. काकू तोंडावर पदर दाबून बसली, आणि काका भिंतीवर स्वतःचं डोकं आपटत राहिले, इतकं की शेवटी तिनंच उठून त्यांना धरलं. मला वाटायचं, असतो एखाद्याचा एखाद्या शब्दावर राग. शाळेत मी तो शब्द बोलायची आणि घरात पाऊल ठेवताना गिळायची.

माझे वडील, दत्ता, काकांचे धाकटे भाऊ. काकांनीच त्यांना यार्डात रोजंदारीवर लावलं होतं. मी दोन वर्षांची असताना ते तिथे गेले. ‘अपघातात’, एवढंच मला सांगितलं होतं. आई तेव्हापासून दरवर्षी मामाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला जाते, आणि मी काका-काकूंकडे वाढले. माझी फी, माझा कॉम्प्युटर, सगळं काकांचं. त्यांच्या कपाळावर एक खोल व्रण होता. ‘डब्याचं दार लागलं’, असं ते सांगायचे.

गेल्या दिवाळीत मी बंद डब्याचं चित्र घेऊन घरी आले. मागणी सगळ्यात जास्त त्याचीच होती. भाग सरळ, जोडायला सोपे, टपालात मोडणार नाहीत. मापं वहीत नव्हती, पण झरीजवळ एका शेतात असा एक डबा आहे. चाकांवरून उतरवून कुणीतरी कडबा ठेवायला आणलेला. मी टेप घेऊन दोन दिवस त्याच्या अंगाखांद्यावर चढले. काकांना आनंद होईल असं मला खरंच वाटलं होतं.

“त्यो न्हाई करायचा,” ते म्हणाले.

“का? याच्याखाली तर तुम्ही सगळ्यात जास्त झोपलाय.”

“न्हाई म्हनलं ना, शितले.”

मी जिद्दीला पेटले. जोडलेला नमुना सोबत होता, तो मी फळीच्या तळाशी ठेवला. “तुम्ही घाबरता, काका. रेड्यालाच विचारा.” आणि मीच ओरडले, “हान!” रेडा सोडला. मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. डबा तसाच उभा होता. मी हसत मागे वळले तर काकांच्या हातात चाकं ठोकायचा लांब दांड्याचा हातोडा होता. त्यांनी तो डब्यावर घातला. डबा वाचवायला मी हात पुढे केला, तर दुसरा घाव माझ्या बोटांच्या कडेला बसला. नख जागच्या जागी फुटलं. तरी ते थांबले नाहीत. प्लायवूडचा भुगा झाला, खालची फरशी तडकली, तरी ते हाणतच राहिले. माझं चित्र त्यांनी फाडलं, त्यावर माझंच रक्त होतं. मग ते त्या भुग्यात बसले आणि माझ्याकडे न बघता बोलू लागले.

“दत्ता दोन डब्यांच्या मधी व्हता. हेच डबे, बंद. डबं जोडायची जुनी पिन वाकली व्हती, ती त्यानं काढली. नवी माझ्याकडं. मी धा पावलांवर उभा. त्यो वरडला, ‘दादा, आन!’ तवाच इंजिनानं शिट्टी मारली. मला ऐकू आलं, ‘हान!’ मी डायवरला हात केला. त्यानं डबं हानलं. त्यो पडला न्हाई, शितल. दोन डब्यांनी त्याला उभाच धरला व्हता. माझ्याकडं बघत व्हता. डबं मागं घ्यायला लावलं, तवा पडला. पिन माझ्या हातातच व्हती.” मग म्हणाले, “आपन ‘आमी’ म्हनतो, ‘तुमी’ म्हनतो. व्हता त्यो ‘ह’ बी गिळतो. त्या दिवशी दत्ताच्या तोंडात बी ‘ह’ नव्हता. अन् मला ऐकू आला.”

मी एकच वाक्य बोलले. “याच्यासाठी मला वाढवलंत?” बोटाला चिंधी बांधून मी पहिल्या गाडीनं परभणीला आले आणि त्यानंतर त्यांचा एकही फोन घेतला नाही. माझ्या रागात काही चूक होती असं मला आजही वाटत नाही. पण उत्तर द्यायला त्यांनी किती वेळा फोन केला असेल, ते मी मोजलं नाही... आणि आता मोजायची भीती वाटते.

तेराव्याला आई आली. उसाच्या पाचटानं तिचे हात कोपरापर्यंत कापलेले होते. मी तिला सगळं सांगितलं, रडत सांगितलं, जणू मीच तिला पहिल्यांदा विधवा करत होते. ती म्हणाली, “मला म्हाईत हाय. त्याच सांजेला दारात येऊन त्यांनी सांगितलं. म्या वरवंटा उचलला अन् कपाळात घातला. त्यांनी हात बी वर केला न्हाई. रगत डोळ्यात गेलं तरी उभेच. अजून एक घालनार व्हते, पर तू रडायलीस. मंग तुला उचलून त्यांच्या पुढ्यात ठिवलं. म्हनलं, आता पोसा हिला. ही मोठी व्हायच्या आधी मेलात तर बघा.”

“मग मला का नाही सांगितलं कुणी?”

“सांगून तुझ्या हातात काय देऊ? वरवंटा?” ती म्हणाली. चुलीजवळून काकूनं मान हलवली. म्हणजे तिलाही माहीत होतं. त्या घरात एक मीच होते, जिला माहीत नव्हतं. तांब्या तोंडावर घेतलेल्या बाईनंही ते माझ्यापासून सांभाळलं होतं.

त्यानंतर मी मुजीबभाईंकडे गेले. रस्त्यावरच्या लाकडाचं कोडं तेवढं राहिलं होतं. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला. “चाचा त्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच येऊन बसले होते, बेटा. बोले, पोरीचं चित्र तुमच्याकडं असंल, ते कापा. मी बोललो, शितलला विचारतो. बोले, मी आत्ताच फोन लावला, उचलत न्हाई, राग हाय, बरुबर हाय.” मग मुजीबभाईंनी कपाटातून एक पत्रा काढला. प्लायवूडच्या कापलेल्या शीटला ते पत्रा म्हणतात. जादा कापलेला एक त्यांच्याकडे राहिला होता. “अन् बोले, चित्र लाख रुपयाचं हाय, पन एक चूक हाय. पिनच न्हाई.”

खरंच नव्हती. शेतातल्या त्या डब्याला खालचा सांगाडा नव्हता, चाकं नव्हती, जोडायचा आकडा नव्हता. जे दिसलं ते मी काढलं. टोकाला मी नुसता ठोकळा ठेवला होता. काकांनी मुजीबभाईंच्या शेजारी दोन तास बसून तिथे आकडा काढून घेतला होता, त्याला भोक, आणि भोकात बसेल अशी पितळी तारेची, तांदळाच्या कणीएवढी पिन स्वतः कापून दिली होती. पेटीत डबा कसा जोडायचा याचा कागद घालावा लागतो. तो नेहमी मी लिहायची. या वेळी मुजीबभाईंनी पत्र्यासोबत दिलेल्या पाठकोऱ्या कागदावर काकांच्या अक्षरात तीन ओळी होत्या. पिन हातात घ्या. पिन बसवा. मगच दुसरा डबा जवळ आणा.

‘आणा’ हा शब्द त्यांनी दोनदा गिरवला होता. कागद तिथे फाटायला आला होता.

तो पत्रा घेऊन मी पूर्णेला गेले. काकांच्या खोलीत तडकलेली फरशी तशीच आहे, फळी तशीच, रेडा खिडकीत. डबा जोडला आणि ठेवला. कुणी ‘हान’ म्हणणारं नव्हतं, म्हणून मुकाट्यानं रेडा सोडला. दुसऱ्या ठोक्याला दार निखळून भिंतीपर्यंत उडालं. दिवाळीचा नमुना मी जाड प्लायवूडमध्ये केला होता, हा पातळ होता. काकांच्या नियमानं हा डबा काढायच्या लायकीचा नव्हता. क्षणभर माझा पाय उचलला गेला, त्यांच्यासारखा. मग मी पाय खाली ठेवला आणि दार शोधून आणलं. दाराची पट्टी मी जाड केली, बिजागरीची जागा बदलली, मुजीबभाईंनी पुन्हा कापून दिलं.

मागच्या रविवारी तो डबा जोडून झाला. छप्पर बसेपर्यंत ते दोन्ही हातांनी दाबून धरावं लागतं, त्यामुळे माझे हात अडकलेले होते. काकू उंबऱ्यात उभी राहून तांदूळ निवडत होती. त्या खोलीत ती कधी येत नसे. पिन खिडकीतल्या बशीत होती. मी विचार न करता बोलून गेले, “काकू, तेवढी पिन आन गं.”

शब्द बाहेर पडला आणि आम्ही दोघी थांबलो. काकूच्या सुपातले तांदूळ हलायचे थांबले. तिची जीभ तुटक्या दातावर गेली, ते मला गालावरून दिसलं. तिनं काकांच्या खुर्चीकडे पाहिलं. मग सूप खाली ठेवून ती आत आली, बशीतली पिन टिकलीसारखी बोटाच्या टोकावर चिकटवून माझ्यापर्यंत घेऊन आली. “केवढीशी हाय गं ही,” ती म्हणाली.

मी पिन बसवली. दोनदा ओढून पाहिली. मग खिडकीशी जाऊन रेडा धरला आणि तशीच उभी राहिले. काकू कमरेवर हात ठेवून डब्याशेजारी उभी होती. ती म्हणाली, “हान.”

पहिला ठोका बसला. दुसरा बसला. तिसऱ्याला डबा दोन विती मागे सरकला आणि थांबला. दार बंद होतं. काकूनं वाकून बघितलं, आकड्याला बोट लावलं.

“पिन हाय जाग्यावर,” ती म्हणाली. “चल, भर पेट्या.”